पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

८ फेब्रुवारी

...आणि मी बाइंडिंगची खळ ढवळत होते. शेगडीवर पातेलं, पातेल्यात मैद्याचं पाणी, हातात लाकडी पळी. गुठळी होऊ द्यायची नाही, बुडाला लागू द्यायची नाही, त्यामुळे त्या वेळी दुसरीकडे बघायची सोय नसते. उतरवताना मोरचुदाची चिमूट टाकली, की पुस्तकाला कसर लागत नाही. मग कालची कातरण पोत्यात भरली, दुकानाचं दार पुसलं, सुया डबीत ठेवल्या. खारू ओले केस तसेच बांधून कॉलेजला पळाली. हे पुस्तकं दाबायच्या चाकाच्या प्रेसपाशी उभे होते. काहीतरी म्हणाले. मी चपला घालता घालता म्हटलं, "आलेच."

इतकी साधी सकाळ. वर्ष होत आलं, पण ती अजून रोज समोर येते. अर्ध्या तासाने प्रार्थनाघरातून परत आले तेव्हा हे प्रेसच्या पायाशी पडलेले होते आणि खळीवर साय धरली होती.

ही वही ह्यांनी शिवलेली शेवटची. उरलेल्या कागदांची, घरच्यासाठी. पुठ्ठा चढवायचा राहिला, तो मी अजून चढवलेला नाही. आज लिहायला घेतली, कारण राग आलाय आणि तो काढायला घरात माणूस उरलं नाही. एक आहे, पण तिच्याचवर राग आहे.

तेवीस तारखेला वर्ष होतं. प्रार्थनाघरात ह्यांचं नाव वाचतील. खारू म्हणाली, "मी येणार नाही."

"का?"

"माझा विश्वास नाही, आई."

एकोणीस वर्षांची आहे. विश्वास नाही हे तिने असं सांगितलं, जसं चहात साखर नको म्हणून सांगावं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी तिची मंडळी आली होती. तीन-चार रविवार झाले, दुकान बंद असतं तेव्हा येतात. एक लंबू आहे, तो बसला तरी उभाच दिसतो. एक चष्मिष्ट आहे, ती कॉलेजजवळ खोली घेऊन एकटी राहते. आणि आमची खारू. हे नाव ह्यांचं. लहानपणी कागदाच्या ढिगांवरून खारीसारखी पळायची, म्हणून.

तिघं कागदाच्या रिमांवर बसतात आणि एकच पुस्तक आळीपाळीने मोठ्याने वाचतात. पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीचं आहे. नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्याला मान दिल्यासारखं होईल.

मी पलीकडे छापील कागदांचे सोळा पानी फर्मे घडी करत होते. कान काही घडी करता येत नाहीत.

लंबू म्हणाला, "म्हणजे बघा, आपण कशासाठी जन्मलो हे आधीपासून कुणी ठरवलेलं नाही. आधी आपण आहोत. मग आपण जे करतो, ते आपण."

खारू म्हणाली, "वही बाइंडरच्या डोक्यात आधी असते. पानं किती, कशासाठी, सगळं. माणसाला बाइंडर नसतो."

मला राहवेना. म्हटलं, "बाइंडर नसला की काय होतं ते माहीत आहे ना? पानं सुटतात."

चष्मिष्ट हसली. "काकू, तुम्ही आमच्यात यायला हवं."

"मी सातवीपर्यंत शिकलेय गं बाई."

"आई सगळं वाचते," खारू म्हणाली. "फक्त सलग नाही."

ते खरं आहे. घडी करताना समोर येईल ते मी वाचते, सोळा-सोळा पानं. कित्येक कादंबऱ्यांचं मला फक्त मधलं माहीत आहे. कोण कुणाला सोडून जातं ते कळतं, का ते दुसऱ्या फर्म्यात असतं आणि तो ह्यांच्या टेबलावर असायचा. मग रात्री जेवताना मी विचारायची आणि हे म्हणायचे, "मी बाइंडर आहे, मी वाचायला लागलो तर पुस्तकं पूर्ण कोण करणार?"

पण त्या पोरांचं बोलणं मला कळलं नाही असं नाही. कळलं, म्हणूनच चीड आली. तिघांत मिळून एकही मयत पाहिलेलं नाही. खारू सोडून.

१६ फेब्रुवारी

वन्सं येऊन गेल्या. ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. आल्या, बसल्या, आणि बसल्या बसल्याच सुरुवात.

"तुझी लेक देव नाही म्हणते म्हणे."

"कोण म्हणालं?"

"ती स्वतःच म्हणाली. मला. तोंडावर. मी विचारलं, मग तुझा बाप कुठे गेला? तर म्हणते, आत्या, कुठेच नाही."

मी चहाचं आधण ठेवलं.

"तू लाडावून ठेवलीस. बाप होता तोवर जरा तरी वचक होता."

बाप होता तोवर! ह्यांचा वचक मांजरालासुद्धा नव्हता. पण खोटं कौतुक का असेना, गेलेल्या माणसाचं आहे म्हणून मी ते खोडलं नाही. त्या गेल्यावर तीन पुस्तकांचे कणे वाकडे बसले. उकलून पुन्हा बसवले.

२० फेब्रुवारी

लायब्ररीतून ग्रंथपाल बाईंनी वीस फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा पाठवला. त्यात ते पुस्तकही आहे. हातोहाती फिरून त्याचा कणा मोडलाय. खारू म्हणाली, "हे आधी कर ना, आई. नीट बघून कर."

"मी कधी न बघता करते?"

ह्यांचा नियम होता, लायब्ररीचं पुस्तक शिवायच्या आधी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसायच्या. पुढच्या वाचणाऱ्याला कोरं पान मिळालं पाहिजे, असं म्हणायचे. एकदा एका पुस्तकात कुणाचंतरी प्रेमपत्र समासात लिहिलेलं निघालं, तेसुद्धा पुसलं. मी म्हटलं, अहो, बिचाऱ्याने किती जीव ओतलाय. तर म्हणे, पोचायचं तिला पोचलं असेल.

तेव्हापासून मी तसंच करते. लहान असताना खारूकडे पुसलेल्या रबराचा भुगा गोळा करायचं काम असायचं.

पुस्तक उकललं. फर्मे सुटे करून वजनाखाली ठेवले. पुसायचं काम गठ्ठ्याच्या तळापासून सुरू केलंय. त्या पुस्तकाला मुद्दाम शेवटी ठेवलंय.

२३ फेब्रुवारी

ती आली होती. नाही नाही म्हणत आली आणि मागे दाराशी उभी राहिली. मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच.

थोरल्यांनी नाव वाचलं. प्रार्थनाघरातल्या त्या वयोवृद्ध माणसाला सगळे थोरलेच म्हणतात. आवाज अजून खणखणीत आहे. म्हणाले, "त्याची वेळ भरली होती. वरच्याच्या इच्छेने तो गेला. कुणाच्या हातात काही नव्हतं."

हे वाक्य ते वर्षभर मला सांगतायत. मीही ते वर्षभर जवळ बाळगलंय. सकाळी उठल्यावर आधी ते म्हणते, मग चूल पेटवते. आज सगळ्यांसमोर ऐकताना डोळे भरून आले, आणि तेवढ्यात मागचं दार इतक्या जोरात आपटलं की लोकांच्या माना वळल्या. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही.

"लाज नाही वाटत? बापाचं नाव वाचत होते."

"नाव वाचलं तोवर मी उभी होते."

"मग?"

"कुणाच्या हातात काही नव्हतं, हे तुला खरंच वाटतं, आई?"

"हो."

"खरंच?"

"हो म्हटलं ना! तुझ्या पुस्तकवाल्याला जास्त कळतं का? त्याचा नवरा गेला होता का?"

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता रडेल. रडलीही नाही. म्हणाली, "तू ते पुसायला घेशील ना, तेव्हा सत्त्याण्णव पानापासून वाच. एकदाच. मग काय ते बोल मला."

मी नवऱ्याच्या वर्षाच्या दिवशी घरात बसून शिकवण ऐकली. पोटच्या पोरीकडून.

२४ फेब्रुवारी

पुस्तक घेतलं. पहिले सहा फर्मे पुसले. सातवा उचलला. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा. वरच्या चार ओळी वाचल्या. त्यात असं होतं, की जे झालं ते होणारच होतं असं म्हणणारा माणूस देवाला नमस्कार करत नसतो, त्याच्या मागे लपत असतो.

पुढे वाचलं नाही. फर्मा टेबलावर आपटला. संतापानेच, दुसरं काय. कोण हा माणूस? कुठल्या गावचा? त्याने माझ्या घरात येऊन मला लपणारी म्हणावं?

सातवा फर्मा बाजूला ठेवला. आठव्यापासून पुढचे पुसले. मग सहाव्याला आठवा जोडून शिवला. दोरा ओढताना बरं वाटलं, हे खरं लिहिते. कणा बसवला, पुठ्ठा चढवला, प्रेसमध्ये घातलं. सोळा पानं कमी झालेली बाहेरून कळत नाहीत. फर्मा टेबलाच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवलाय.

तीस वर्षांत ह्यांनी एकही फर्मा गाळला नाही. दोनदा उलटा लागला होता, तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते.

२७ फेब्रुवारी

गठ्ठा परत पाठवला. खारू गेले तीन दिवस मला निरखून बघतेय. मी भांडी घासते, ती बघते. मी कपडे वाळत घालते, ती बघते. विचारलं, "काय?" तर "काही नाही. झालं ते पुस्तक?" "झालं." "सगळं पुसलंस?" "नेहमीसारखं." ती उभीच राहिली. मी म्हटलं, "अजून काही हवंय?" तर आत निघून गेली.

मी सत्त्याण्णव पान वाचलं का, हे विचारायचं असेल. विचारावं की सरळ. मीही उत्तर तयार ठेवलंय.

४ मार्च, रविवार

आज फुटलं.

चष्मिष्टने ते पुस्तक पुन्हा आणलं होतं. लंबू वाचत होता. वाचता वाचता थांबला. "अरे, वाक्य तुटलं."

"पान उलट," चष्मिष्ट म्हणाली.

"उलटलंच आहे. शहाण्णवनंतर एकशे तेरा."

"काकू, तुमच्याकडून चूक? आम्हाला वाटायचं देव नसला तरी तुम्ही आहात."

मला हसायला हवं होतं. खारूने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. मध्यावर उघडलं, शिवण बघितली, कण्यावर अंगठा फिरवला. ह्यांच्यासारखाच फिरवते. म्हणाली, "फाटून गेलेलं नाही. फर्माच नाही."

"आलं तेव्हाच नव्हता," मी म्हणाले.

खारू माझ्याकडे बघत राहिली. मग मैत्रिणीला म्हणाली, "तुम्ही जा आज."

ती दोघं गेली.

"तो होता, आई. गठ्ठा यायच्या आदल्या दिवशी पुस्तक माझ्याकडे होतं."

"बरं, होता. मी काढला."

"तू वाचलंस."

"वाचलं."

"सगळं?"

खरं म्हणजे चार ओळी. पण माघार कोण घेणार? "सगळं. आणि ऐक, जे लिहिलंय ते लिहिणाऱ्याला शरम वाटायला हवी. माझ्या घरात ते नको. म्हणून कापून काढलं."

ती पांढरीफटक पडली. इतकी, की मीच घाबरले. पण मला जिंकल्यासारखंही वाटलं. मनात म्हटलं, बरा लागला तुझ्या पुस्तकवाल्याला टोला.

"एवढंच?" ती म्हणाली. "आणखी काही म्हणायचं नाही तुला?"

"नाही."

तिने पिशवीत चार कपडे भरले. चष्मिष्टच्या खोलीवर जाते म्हणाली. दाराशी थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं तू ओरडशील, मारशील. हे नव्हतं वाटलं."

एका पुस्तकासाठी घर सोडलं पोरीने. एका पुस्तकासाठी!

६ मार्च

खळीत गुठळ्या झाल्या. टाकून दिली.

वन्सं म्हणाल्या, "येईल पोट जळल्यावर." मी म्हटलं, "वन्सं, आज घरी जा." पहिल्यांदा बोलले असं.

प्रार्थनाघरात गेले. थोरल्यांनी विचारलं, लेक कुठे? सांगितलं. म्हणाले, "जे होतं ते त्याच्या इच्छेने होतं." मला वाटलं, त्यांच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक घ्यावं आणि भिरकावून द्यावं. का वाटलं ते मला कळत नाही. हेच वाक्य मी वर्षभर औषधासारखं घेतलं होतं.

९ मार्च

आज दुपारी रीळ काढायला खण उघडला आणि फर्मा वर आला.

वाचायचाच म्हणून बसले. एवढं काय आहे ज्यासाठी पोरगी घर सोडते, ते तरी कळू दे. खुर्चीत बसून, दिवा लावून, पहिल्यापासून. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. निम्मं डोक्यावरून गेलं. काही गोष्टी कळल्या आणि आवडल्या नाहीत. एकशे तीन पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं.

आधी मला राग आला तो ह्याचा, की लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिल! बाइंडरची मुलगी असून! अक्षर ओळखलं होतं. खोडरबर हातात घेतलं. पुसताना काय पुसतोय ते दिसतंच.

लिहिलं होतं: "त्या सकाळी बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, जरा चाक फिरव गं, डाव्या हातात जोर नाही. मी म्हटलं, उशीर होतोय, आईला सांगा. मी कुणालाही सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी गेले."

मी प्रत्येक पान उघडून पुसते, हे तिला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे.

आणि मी तिला म्हणाले, लिहिणाऱ्याला शरम वाटायला हवी. कापून काढलं म्हणाले.

रबर हातातच होतं.

आता लिहिते. पहिल्या दिवशी मी ह्याच वहीत लिहिलं, हे काहीतरी म्हणाले. काहीतरी नाही. ते म्हणाले, "डावा हात भरून आलाय गं, छातीतही कसंतरी होतंय. डॉक्टरकडे जाऊ या का?" शब्दन् शब्द आठवतो. मी म्हटलं, "प्रार्थना चुकेल, आलेच अर्ध्या तासात, मग जाऊ." आणि तिथे गुडघ्यावर बसून मी काय मागितलं? ह्यांच्या हाताला आराम पडू दे. डॉक्टर दोन गल्ल्यांवर होता. मी देवाकडे गेले.

डॉक्टरने विचारलं तेव्हा सांगितलं, काही तक्रार नव्हती. वन्संना तेच. थोरल्यांना तेच. खारूलाही तेच. तिला वाटलं, हाताचं तिला एकटीलाच माहीत आहे. वर्षभर माझ्या शेजारी झोपून तिला वाटत राहिलं, आपण एकट्याच.

मला देवाचा राग आलाय. तो असेल तर त्याने मला त्या दिवशी परत हाकलून द्यायला हवं होतं. नसेल तर मी कुणाशी बोलत होते? त्या पुस्तकवाल्याचाही राग आलाय, कारण चार ओळींत त्याने मला पकडलं. आणि ह्यांचाही. हात दुखतोय म्हणून एवढ्या हळू का सांगितलंत? कधीच आवाज चढवला नाहीत, त्या दिवशी तरी ओरडायचं होतं. मी पळत आले असते.

रबर ठेवून दिलं. पेन्सिलीला टोक केलं. तिच्या अक्षराखाली मी लिहिलं: "त्यांनी मलाही सांगितलं होतं. डॉक्टरकडे जाऊ म्हणाले. मी प्रार्थनेला गेले. तुझ्यानंतर ते मोठ्या माणसाकडे आले होते, ते मोठं माणूस मी होते. तुझ्याकडे काही उरत नाही. आई."

आयुष्यात पहिल्यांदा छापील पानावर लिहिलं.

११ मार्च

काल सकाळी फर्मा कागदात गुंडाळून चष्मिष्टच्या खोलीवर गेले. दार खारूनेच उघडलं. खाली मान घालून बाजूला झाली. चष्मिष्ट म्हणाली, "काकू, मी दूध आणते," आणि दुधाची पिशवी टेबलावर दिसत असताना निघून गेली. गुणी मुलगी आहे.

मी फर्मा खारूच्या हातात दिला. "मी वाचला नव्हता. चार ओळी वाचून खणात टाकला होता. काल वाचला. एकशे तीन बघ."

तिने उभ्याउभ्याच वाचलं. मग जमिनीवर बसली. मला वाटत होतं ती आता मला काहीतरी भयंकर बोलेल. बोलावं असंही वाटत होतं. तिने ते पान पुन्हा वाचलं.

"छातीतही म्हणाले होते?" तिने विचारलं.

"हो."

"मला नव्हते म्हणाले."

"तुला नव्हते म्हणाले. तुला कॉलेजला जायचं होतं."

मग ती रडली. मोठ्याने, नाक गळेपर्यंत, लहानपणी प्रेसमध्ये बोट आलं होतं तेव्हा रडली होती तशी. मध्येच म्हणाली, "मला तुझा खूप राग आलाय, आई."

"यायलाच हवा."

"त्या दिवसाचा. आणि वर्षभराचा."

"हो."

"आणि तरी तू रोज तिथे जातेस. अजून जाणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तेच खरं होतं. "तुझ्या पुस्तकवाल्याला विचारून सांगते."

ती रडता रडता हसली आणि हसली म्हणून आणखी चिडली. मग बाहीने तोंड पुसून म्हणाली, "लायब्ररीचं पुस्तक आहे. खोडरबर आणलंस?"

आणलं होतं. आधी तिने माझं पुसलं, मग मी तिचं पुसलं. भुगा तिने तळहातावर गोळा केला. पान कोरं झालं. उजेडात तिरकं धरलं तर पेन्सिलीचा दाब अजून दिसतो, पण तेवढं कोण बघतं.

ती लगेच घरी आली नाही. उद्या रविवारी पुस्तक घेऊन येईन म्हणाली. मी आग्रह केला नाही.

आज ती पुस्तक घेऊन आली. पूर्ण शिवण उकलली, सातवा फर्मा जागेवर घातला, पुन्हा शिवलं. प्रेसचं चाक तिने फिरवलं. फार बोललो नाही. एकदा तिने कणा वाकडा बसवला म्हणून मी ओरडले, तिनेही उलट ओरडून घेतलं.

१३ मार्च

काल सकाळी प्रार्थनेच्या वेळेला मी प्रार्थनाघरात गेले. आत बसले नाही. सगळे निघेपर्यंत दाराशी थांबले, मग थोरल्यांना सांगितलं, की ह्यांनी मला त्या सकाळी हात दुखतोय म्हणून सांगितलं होतं आणि मी इथे आले होते, तेव्हा ह्यांच्या नावापुढे ते वाक्य पुन्हा म्हणू नका. ते काहीतरी बोलायला लागले, ते ऐकायला थांबले नाही. परत येताना वन्संच्या दारात गेले आणि त्यांनाही सांगितलं. मग दुकान उघडलं, खळ शिजवली आणि ह्या वहीला पुठ्ठा चढवला.